बटणरावांचा पत्त्याएवढा कॉम्प्युटर

ज्या हाताने बटणरावांनी उभ्या इमारतीला वीज वाचवायला शिकवलं, त्याच हाताने बुधवारी संध्याकाळी त्यांनी बायकोच्या प्रबंधाचा जीव घेतला. निदान त्यांना तरी तसं वाटलं.

बटणराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक होते आणि खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं दिसेल ते बटण बंद करणं हा त्यांचा धर्म होता. खोली कोणाची आहे, आत कोणी आहे का, असल्या क्षुल्लक चौकशा ते करत नसत. पाहुण्यांची अर्धी दाढी झालेली असताना त्यांनी न्हाणीघरातला दिवा घालवलेला आहे. जिन्यातला दिवा लावून कोणी दोन पायऱ्या चढलं की तिसऱ्या पायरीवर अंधार व्हायचा, आणि चढणारा माणूस चाचपडत म्हणायचा, "बटणराव घरी आलेले दिसतात."

अशा माणसाच्या घरात, ज्याला बटणच नाही असा कॉम्प्युटर यावा, हा दैवाचा चावटपणा म्हणायचा.

तो घरात आला मेहुण्यामुळे. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा माणूस लिनक्सवाला होता, म्हणजे विंडोज सोडून लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीवर कॉम्प्युटर चालवणारा, आणि एखादा माणूस नव्याने व्यायाम सुरू करतो तेव्हा जसा सगळ्या घरादाराला व्यायामाला लावायला बघतो, तसा तो सगळ्यांना लिनक्सला लावायला बघायचा. बटणरावांचा जुना कॉम्प्युटर सुरू झाला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. मेहुणा ऐकून म्हणाला, "भावोजी, हा किती वीज खातो माहितीये?" एवढंच म्हणाला. पुढचं काम त्या वाक्याने केलं.

मेहुण्याचं पार्सल आलं. त्यात पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पट्टी, एक वायर, कार्ड वाचायचा एक चिमुकला रीडर आणि दोन मेमरी कार्डं. एक वापरायचं, एक 'असू दे' म्हणून. पंखा नाही, पेटी नाही, घरघर नाही. बटणरावांनी पट्टी जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्याच्या मागे चिकटवली आणि बायकोला बोलावलं.

"कॉम्प्युटर कुठाय?" तिने विचारलं.

"हा काय."

"आणि बाकीचा?"

बाकीचा नव्हताच. सगळा कारभार नखाएवढ्या त्या कार्डावर होता. लिनक्सही त्यावर, बटणरावांची निवृत्तीनंतरच्या बागेची चित्रंही त्यावर, आणि बायकोचा प्रबंधही त्यावर.

प्रबंधाबद्दल सांगायला हवं. बायको कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि कित्येक वर्षं 'मानवी वस्तीतील कोळी' या विषयावर संशोधन करत होती. त्यामुळे घरातली जळमटं काढायला बंदी होती. पाहुणे छताकडे बघून मग बायकोकडे बघायचे, आणि बटणरावांना दर वेळी "संशोधन चालू आहे" असं सांगावं लागायचं. पण ते सांगताना त्यांना अभिमानच वाटायचा. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. शेवटचं प्रकरण तेवढं ती पुन्हा पुन्हा तपासत होती. गाईड म्हणून जे साहेब होते ते आता निवृत्त व्हायला आले होते आणि त्यांनी बजावलं होतं: येत्या सोमवारी प्रबंध माझ्या टेबलावर हवा, नाहीतर नोंदणी रद्द होईल आणि मग मी काही करू शकणार नाही.

पडदा ठेवून बाकीचा जुना कॉम्प्युटर बटणरावांनी भंगारवाल्याच्या हाती समारंभपूर्वक सोपवला होता. प्रबंधाची एक प्रत बायकोच्या पेनड्राइव्हवर होती. पण मेहुण्याने फोनवर "नव्या कॉम्प्युटरसाठी काही उतरवून घ्यायचंय, एखादा मोकळा पेनड्राइव्ह घ्या" असं सांगितलं तेव्हा खणात सापडलेला पेनड्राइव्ह मोकळा नव्हता, म्हणून बटणरावांनी तो मोकळा केला. कोणाचा, कशाचा, हे त्यांना नंतर आठवलं. मनात म्हणाले, असू दे, प्रत कार्डावर आहेच.

मेहुण्याने एकच ताकीद दिली होती. "भावोजी, हा भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा नाही. आधी त्याला पडद्यावरून सांगायचं, बाबा रे, आता झोप. तो झोपला की मग बटण. काम चालू असताना वीज तोडली तर कार्ड बिघडतं."

बटणरावांनी हे ब्रह्मवाक्य मानलं. बायकोला समोर बसवून त्यावर प्रवचन दिलं. भिंतीवरच्या बटणापाशी 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. खाली सहीसुद्धा केली.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं, जे काही नवं आलं असेल ते घे बाबा. तो घ्यायला लागला. पडद्यावर ओळींवर ओळी धावू लागल्या. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, पानं घेतलीयेत." बटणराव उठले, चष्मा काढला, दाराकडे वळले, आणि त्यांच्या उजव्या हाताने, त्यांना काही न विचारता, चिठ्ठीच्या शेजारचं बटण टक्कन बंद केलं.

त्यांनी लगेच पुन्हा लावलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. हिरव्या पट्टीवर दोन बारीक दिवे असतात. लाल म्हणजे वीज आली, हिरवा लुकलुकला म्हणजे कार्ड वाचतंय. लाल लागला. हिरवा एकदा मिणमिणला आणि गेला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, त्यातलं बटणरावांना एवढंच कळलं की कोणीतरी घाबरून ओरडतंय.

ते जेवायला बसले. घास तोंडात फिरत राहिला. बायको म्हणाली, "जरा शेवटचं प्रकरण बघते जेवण झाल्यावर."

"नको!" बटणराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, "म्हणजे, आज नको. त्याचं ते चालू आहे. नवं काहीतरी घेतोय."

"बरं," ती म्हणाली. "राहू दे मग."

बटणरावांनी हातातला घास ताटात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचं एक वाक्य तिने उलट प्रश्न न विचारता मान्य केल्याची नोंद नव्हती. हिला कळलंय, त्यांनी ताडलं. कळलंय आणि ती वाट बघतेय. बायकोचा राग कधी आवाजात नसायचा. ती चिडली की भांडी फार नीट लावायची. त्या संध्याकाळी त्यांनी कान देऊन ऐकलं. भांडी नेहमीसारखीच वाजली, आणि वर ती चक्क गुणगुणत होती. त्याने ते जास्तच घाबरले.

मेहुण्याला फोन करणं हा सरळ मार्ग होता. पण मेहुणा पडला बायकोचा भाऊ. त्याला सांगितलेली गोष्ट फोन खाली ठेवायच्या आत बहिणीला पोचायची. शिवाय ज्या माणसासमोर आपण "मला समजलं, मी काय लहान आहे?" असं म्हणालो, त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं? वरिष्ठ लिपिकाला अब्रू असते.

म्हणून गुरुवारी ते कार्ड आणि रीडर खिशात टाकून वरच्या मजल्यावर गेले. तिथे अनुभवी राहायचे. जगात जे काही घडतं ते अनुभवींना आधी घडून गेलेलं असतं, म्हणून त्यांना इमारतीत हे नाव पडलं होतं. तुमचा दात दुखला तर त्यांचा आधी दुखलेला असायचा, आणि तुमच्यापेक्षा जास्त.

"कार्ड गेलं?" अनुभवी म्हणाले. "माझं दोनदा गेलंय. तांदळात ठेवा."

"भिजलेलं नाही हो."

"मी कुठे म्हटलं भिजलंय? तांदूळ दोष ओढून घेतो."

एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण अनुभवी उठले, रीडर आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि मागे रेलून बसले. त्यांचा कॉम्प्युटर लिनक्सवाला नव्हता. त्याला त्या कार्डावरचं एक अक्षर वाचता येईना. आणि ज्याला आपल्याला येत नाही हे कबूल करायचं नसतं तो जसा समोरच्यालाच दोष देतो, तसं त्याने पडद्यावर विचारलं: हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. करायचं का? खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही.

"बघा!" अनुभवी खूश झाले. "स्वतःच दुरुस्त करून देतो म्हणतोय!"

"फॉरमॅट म्हणजे पुसतात ना हो?" बटणरावांनी विचारलं.

"वरवर पुसतात. धूळबीळ."

अनुभवींच्या माऊसचा बाण 'होय' कडे निघाला. पेनड्राइव्ह बटणरावांनी याच वाटेने मोकळा केला होता. डोळ्यांसमोर गाईडसाहेबांचं रिकामं टेबल आलं, बायको आली, छतावरचे सगळे कोळी एकेक करून आले. आणि मग पुन्हा त्यांच्या उजव्या हाताने, त्यांना काही न विचारता, भिंतीवरचं बटण टक्कन बंद केलं.

अनुभवींचा पडदा काळा झाला.

"हे काय केलंत?"

"सवय," बटणराव म्हणाले, रीडर उपटला आणि जिना उतरले. अनुभवींचा कॉम्प्युटर त्यानंतर नीट सुरू होईना. हा अनुभव मात्र त्यांना नवा होता, आणि तो ते इमारतभर सांगत सुटले. आता बटणराव जिन्यात भेटेल त्याला चुकवू लागले, कारण भेटेल तो म्हणायचा, "तुमचं काहीतरी गेलं म्हणे." चोराच्या मनात चांदणं असतं. इथे तर आख्ख्या जिन्यात उजेड पडला होता.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "झालं का हो त्याचं?"

"उद्या होईल."

"घाई नाही," ती म्हणाली.

घाई नाही! सोमवार तोंडावर आला होता. बटणराव अंथरुणावर पडून छताकडे बघत राहिले. शेजारी बायको गाढ झोपली होती. प्रबंध सुरू झाल्यापासून तिला इतकी शांत झोप लागलेली त्यांनी पाहिली नव्हती.

शुक्रवारी त्यांनी ती हिरवी पट्टी चष्म्याच्या घरात घातली आणि ऑफिसात नेली. बेत असा, की मधल्या सुट्टीत ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्याला जोडून, कोणी न बघता, निवांत बघू. पण फाटकावरच्या रखवालदाराने ते चष्म्याचं घर उघडायला लावलं.

"हे काय?"

खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाने घाबरलेलं असताना बोलूच नये. बटणराव म्हणाले, "कॉम्प्युटर."

रखवालदाराने चष्म्याच्या घरात बघितलं, मग बटणरावांकडे बघितलं, आणि त्यांना भांडार विभागात पाठवलं. तिथे भांडारपाल मॅडम बसायच्या. ऑफिसातल्या प्रत्येक खुर्चीवर, कपाटावर आणि टेबलावर त्यांच्या हातची पत्र्याची नंबरपट्टी ठोकलेली असायची. मॅडमचं तत्त्व सोपं होतं: जी वस्तू इमारतीच्या आत आहे आणि जिच्यावर नंबर नाही, तिच्यावर नंबर घालायचा.

"खाजगी आहे हो मॅडम. घरचा आहे."

"घरचा आहे तर ऑफिसात कसा?"

"मी आणला."

"परवानगी?"

"नाही."

"म्हणजे रीतसर आलेला नाही. मग तो आलेलाच नाही. मग हा जो इथे आहे तो आधीपासून इथलाच." मॅडमनी चष्मा नाकावर खाली घेतला. "आणि इथला आहे तर इतकी वर्षं विनानंबर कसा राहिला, ते मला वर सांगावं लागेल."

एका बुधवारी बायकोचा प्रबंध घालवलेला माणूस शुक्रवारी सरकारी मालमत्ता पळवणारा ठरत होता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. निवृत्तीची बाग, तिच्यातली फुलझाडं, सगळं बटणरावांच्या डोळ्यांदेखत सुकून गेलं.

मॅडमनी शिपायाला नंबरपट्टी आणि खिळे आणायला सांगितलं. पट्टी आली. मॅडमनी ती कॉम्प्युटरवर ठेवली. कॉम्प्युटर दिसेनासा झाला. उभी ठेवली, तिरकी ठेवली. कशीही ठेवली तरी कॉम्प्युटर पट्टीच्या खालीच. नंबरपट्टीपेक्षा लहान वस्तू त्यांच्या कारकिर्दीत आली नव्हती.

"याला कॉम्प्युटर म्हणता येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हा चष्म्याच्या घराचा भाग आहे. घेऊन जा, आणि परत आणू नका."

आयुष्यात पहिल्यांदाच अपमान झाल्याबद्दल बटणरावांनी मनापासून आभार मानले.

शनिवारी त्यांनी अब्रू गुंडाळून ठेवली आणि मेहुण्याला फोन केला. आधी त्याला, बहिणीला सांगणार नाही, अशी आईची शपथ घ्यायला लावली.

"अहो भावोजी, मग ते दुसरं कार्ड कशाला पाठवलंय?" मेहुणा म्हणाला. "त्यावर सगळं तयार आहे. ते पट्टीत घाला, बिघडलेलं रीडरमध्ये लावा, आणि मला फोन करा. कुठे ठेवलंय ते?"

बटणरावांनी ते जपून ठेवलं होतं. घरात जपून ठेवलेली वस्तू शोधणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात माणसं आहेत त्याला सांगायला नको. औषधांच्या डब्यात, दिव्यांच्या खोक्यात, सगळीकडे शोधून शेवटी ते हमीपत्राच्या पाकिटात सापडलं. 'महत्त्वाचे' असं वर लिहिलेलं असल्यामुळे शोधताना ते पाकीट त्यांनी आधी उघडलंच नव्हतं.

रविवारी दुपारी बायको म्हणाली, "मी मैत्रिणीकडे जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा, आणि ही मैत्रिणीकडे! बटणरावांना विचारायचा धीर झाला नाही. दार लागलं तसे ते कॉम्प्युटरकडे धावले. मेहुणा फोनवर सांगत गेला, ते अक्षर अक्षर टाइप करत गेले. तपासणी सुरू झाली. आणि ते कार्ड, इतके दिवस मुकं असलेलं, प्रश्न विचारायला लागलं. इथलं बिघडलंय, काढून टाकू? याचा पत्ता लागत नाही, जोडू? हे मोजलं ते जमत नाही, बदलू?

"सगळ्याला हो म्हणा," मेहुणा म्हणाला.

"काढून टाकू म्हणतोय!"

"हो म्हणा."

बटणरावांनी लग्नात सुद्धा इतक्या गोष्टींना न समजता हो म्हटलं नव्हतं. हो. हो. हो. प्रत्येक 'हो' ला वाटायचं, हेच ते, हाच प्रबंध होता. प्रश्न संपेनात. घामाने चष्मा घसरत होता. आणि मग प्रश्न थांबले.

"आता 'हरवले-सापडले' म्हणून एक कप्पा झाला असेल," मेहुणा म्हणाला. "ज्यांची नावं पुसली गेली ते सगळे त्यात असतात. बघा."

कप्प्यात नाव नसलेल्या फायली ओळीने बसल्या होत्या, नुसते आकडे घेऊन. बटणरावांनी एक उघडली. बाग. दुसरी उघडली. काही कळलं नाही. तिसरी उघडली आणि पडद्यावर आलं: मानवी वस्तीतील कोळी. पहिल्या पानापासून संदर्भसूचीपर्यंत, एकही पाय न मोडता.

बटणराव मोठ्याने रडले. मेहुणा फोनवर "भावोजी? भावोजी?" करत राहिला.

बायको आली तेव्हा ते दारातच उभे होते. त्यांना थांबवेना. "ऐक, रागावू नकोस, बुधवारी माझ्या हातून बटण बंद झालं, सगळं गेलं होतं, तुझा पेनड्राइव्हही मीच पुसला, पण सापडलं! अख्खा प्रबंध सापडला! ये, बघ!"

ती आत आली. पडद्याकडे बघितलं. आणि तिचा चेहरा असा उतरला की बटणरावांनी घाईने पुन्हा पडदा बघितला, प्रबंधच आहे ना म्हणून.

"सापडला?" ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

"अगं, तुला आनंद नाही झाला?"

"मला बुधवारीच कळलं होतं. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तुमचा चेहराच सांगत होता. नंतर तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी पडदा बघून आले." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी म्हटलं, गेला. आणि खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं. आता द्यायला नको. नवऱ्याने घालवला म्हणून सांगता येईल, कोणी मला काही म्हणणार नाही. शेवटचं प्रकरण केव्हाच झालंय हो. मी नुसती स्वल्पविराम काढते आणि घालते. दिला की ते बोलावणार, समोर बसवणार, प्रश्न विचारणार. आणि मला काही येत नाही हे सगळ्यांना कळणार. इतकी वर्षं हेच भय आहे मला."

पाच दिवस ज्या बाईला भिऊन बटणराव अर्धे झाले होते, ती त्यांच्याहून जास्त भ्यालेली होती. त्यांना एकदम तिच्याबद्दल फार माया आली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

"मग नको देऊ," ते म्हणाले. "आपण हा पुसू. उद्या मी येतो तुझ्याबरोबर. साहेबांना सांगतो, मी घालवला. लेखी देतो हवं तर. हसेनात का लोक."

"तुम्ही सांगाल? साहेबांसमोर?"

"सांगेन की."

आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते खरंच सांगतील. जी गोष्ट लपवायला ते पाच दिवस जिवाचं रान करत होते, ती आता त्यांच्या तोंडून सहज निघत होती.

बायकोने डोळे पुसले. मग माऊस हातात घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. तिने एकही स्वल्पविराम हलवला नाही.

सोमवारी छापून, बांधून, दोघं गेले. गाईडसाहेबांच्या खोलीबाहेर बाक होता. ती आत गेली आणि बटणराव बाकावर बसून राहिले. आतून आवाज येत नव्हता. बुधवारी, गुरुवारी, भांडारात, कशाकशात त्यांना इतकी भीती वाटली नव्हती, कारण यात त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

दार उघडलं. ती बाहेर आली, हात रिकामे.

"घेतला?"

"घेतला." ती त्यांच्या शेजारी बसली. "विचारत होते, एवढा उशीर का लावलात बाई. मी म्हटलं, आता काय लपवायचं? सरळ सांगितलं, भीती वाटत होती सर."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, इतकी वर्षं काम करूनही कोळ्यांची भीती गेली नाही तुमची?"

"मग तू?"

"मी म्हटलं, गेली सर. आत्ताच."

आणि ती हसायला लागली, इतकी की तिला बाकाला धरावं लागलं. आतून साहेबांनी कोण हसतंय म्हणून दार उघडलं, तेव्हा बाकावर दोन मोठी माणसं डोळे पुसत बसली होती आणि दोघांनाही उठता येत नव्हतं.